घोडी म्हणजे मोठी गाय नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरूरजवळ सहा एकर बागायत, घरचा पंधरा गाईंचा गोठा. रेसमधून निवृत्त झालेली सात वर्षांची थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच जोपासलेल्या जातीची, घोडी ओळखीतून जवळजवळ फुकट मिळते आहे. तिला चांगला घोडा लावायचा, शिंगरू वाढवायचं आणि रेससाठी विकायचं. जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

सरळ उत्तर आधी देतो. एकुलत्या एका घोडीवर रेसच्या घोड्यांचा धंदा उभा राहत नाही. ती फुकट मिळाली तरी नाही, कारण या सगळ्या खर्चात घोडीची किंमत हा सगळ्यात लहान आकडा असतो. तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मात्र मला आवडली, ती म्हणजे जनावराची सवय. पहाटे चारला उठून गोठ्यात जाणारा माणूस घोड्याकडेही नीट लक्ष देतो. भीती वाटते तीसुद्धा त्याच सवयीची. गेली तीस वर्षं मी पुणे जिल्ह्यातल्या स्टड फार्मांवर, म्हणजे घोड्यांची पैदास होते तिथे, पशुवैद्य म्हणून काम करतो आहे, आणि गाईला चालतं ते घोडीला चालेल असं धरल्यामुळे चांगल्या, कष्टाळू शेतकऱ्यांच्या हातून घोड्या दगावलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून उत्तर त्याच अंगाने लिहितो.

पहिला फरक कागदाचा. तुम्ही गाईसाठी डॉक्टर बोलावता, कांडी भरून घेता, काम झालं. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला जगभर मनाई आहे, गर्भ प्रत्यारोपणालाही. वळू घोड्याने प्रत्यक्ष लावलेली घोडी, आणि दोघांचीही स्टड बुकात, म्हणजे जातीच्या वंशनोंदवहीत, नोंद, एवढं असेल तरच शिंगरू थरोब्रेड ठरतं. इंग्लंडमध्ये १७९१ साली जनरल स्टड बुक सुरू झालं. त्याच्या आधीच्या शंभरेक वर्षांत तिथे पूर्वेकडून आलेल्या तीन घोड्यांपर्यंत, म्हणजे बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियनपर्यंत, आजच्या प्रत्येक थरोब्रेडची नराकडची वंशावळ पोचते. त्यातही डार्ली अरेबियनचा खापरपणतू एक्लिप्स, अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. आजच्या थरोब्रेडांपैकी बहुसंख्यांची नरवंशावळ त्याच्यातूनच जाते.

भारतातली ही नोंदणी पुण्यातल्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे होते. शिंगराचा डीएनए आईबापाशी जुळवतात, मानेत मायक्रोचिप बसवतात, अंगावरच्या पांढऱ्या खुणा आणि भोवरे काढून ठेवतात. आपल्याकडे भोवऱ्यांवरून घोडा शुभ की अशुभ ते ठरवायची जुनी रीत आहे. पासपोर्टात तेच भोवरे ओळख पटवण्यासाठी येतात. तेव्हा घोडी बघायला जाल तेव्हा आधी पासपोर्ट मागा, चिपचा नंबर यंत्राने वाचून घ्या आणि तिला ब्रीडिंगसाठी वापरायला मोकळीक आहे ना, हे लेखी घ्या. कागद नसलेल्या घोडीचं शिंगरू वाऱ्यासारखं धावलं तरी शर्यती घेणाऱ्या टर्फ क्लबच्या मैदानावर त्याला पाऊल टाकता येणार नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतला देखणा मारवाडी घोडा लावून घेतलात तर शिंगरू सुंदर होईल, पण ते थरोब्रेड नसेल.

दुसरा फरक ऋतूचा. गाय वर्षभर दर एकवीस दिवसांनी माजावर येते. घोडीचं चक्रही एकवीस दिवसांचंच, पण ती दिवस मोठा होत जातो तसतशी माजावर येते आणि थंडीच्या दिवसांत बऱ्याच घोड्यांचे अंडाशय थंडच असतात. तिचा माज पाच-सात दिवस चालतो, आणि बीज सुटतं ते माज संपायच्या शेवटच्या एकदोन दिवसांत. गाय लगेच कळते, घोडीचा नेमका दिवस हुकतो. त्यासाठी फार्मवर टीझर घोडा असतो. त्याच्यासमोर नेल्यावर घोडी कान पाडून लाथा झाडते की शेपटी उचलून उभी राहते, यावरून निम्मा अंदाज येतो. उरलेला सोनोग्राफीवर बीजपुटी मोजून.

यात १ जानेवारीची अडचण आहे. आपल्याकडे सगळ्या रेसच्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात. डिसेंबरच्या अखेरीस जन्मलेलं शिंगरू आठवड्याभरात कागदावर वर्षाचं होतं, आणि पुढे आपल्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठ्या घोड्यांशी धावतं. घोडी साधारण ३४० दिवस गाभण राहते. फेब्रुवारीच्या मध्यावर घोडा लागला तर जानेवारीच्या उत्तरार्धात शिंगरू होतं, आणि ते सगळ्यांनाच हवं असतं. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीपासून घोडीच्या ठाणात रात्री उशिरापर्यंत दिवा ठेवतात, दिवस सोळा तासांचा व्हावा म्हणून. दोन-अडीच महिन्यांत ती लवकर माजावर येते. आपल्याकडे लवकरच्या शिंगराचा आणखी एक फायदा म्हणजे पावसाळ्यातला चिखल आणि माश्या सुरू व्हायच्या आत ते चार-पाच महिन्यांचं, अंगाने भरलेलं असतं.

रेसमधून नुकतीच आलेली घोडी मात्र लगेच लावू नका. ती भट्टीसारखी तापलेली असते, पोट खपाटीला गेलेलं, दाण्यावर वाढलेली. निदान एक हंगाम तिला मोकळ्या कुरणात चरू द्या. आणखी एक तपासा. पळताना हवा आत जाऊ नये म्हणून बऱ्याच घोड्यांच्या योनीला वरच्या बाजूने टाके घातलेले असतात. व्यायच्या आधी ते सोडवावे लागतात. विसरलात तर फाटतं, आणि ती घोडी पुन्हा गाभण राहण्याची आशा तिथेच कमी होते.

घोडा लागल्यावर चौदाव्या-पंधराव्या दिवशी सोनोग्राफी चुकवू नका. कारण जुळी. गाईला जुळी झाली तर गावात पेढे वाटतात. घोडीच्या गर्भाशयात दोन जिवांना पुरेल एवढी वारेची जागाच नसते. बहुतेक वेळा दोन्ही शिंगरं सात-आठ महिन्यांत गळून पडतात, नाहीतर अशक्त जन्मतात, आणि घोडीही धोक्यात येते. सोळाव्या दिवसापर्यंत गर्भ गर्भाशयात सरकत असतात, तेवढ्यात एक अलगद दाबून नष्ट करता येतो. पस्तिसाव्या दिवसानंतर हात घालून उपयोग नाही, कारण तोवर गर्भाशयात अशी रचना तयार होते की गर्भ गेला तरी घोडी तीन-चार महिने माजावर येत नाही. म्हणजे हंगाम गेला. एक सोनोग्राफी वाचवायच्या नादात वर्ष घालवलेले लोक मला माहीत आहेत.

आता खाण्याचं, आणि इथे मी थोडा कठोर होतो. तुमच्या गोठ्यातलं पशुखाद्य घोडीच्या दावणीजवळही नेऊ नका. पशुखाद्यात आणि कोंबडीखाद्यात कधीकधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला आणि कोंबडीला ते मानवतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने मरतात, आणि त्याला उतारा नाही. एका फार्मवर एकाच सकाळी दोन तरणीताठी जनावरं घामाने निथळत, लटपटत खाली बसलेली मी पाहिली. पोतं बदललं गेलं होतं, इतकंच कारण. दुपारपर्यंत दोन्ही गेली. बुरशी लागलेला मकाही तसाच, तो घोड्याच्या मेंदूला कुजवतो. गाय एकवेळ पचवेल.

गाईला चार कप्प्यांचं पोट, घोड्याला एकच, आणि तेही आकाराने लहान. चारा कुजवून पचवायचं काम त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत होतं. घोड्याला ओकता येत नाही. एका वेळी जास्त दाणा पडला, पाणी कमी पडलं, वाळू पोटात गेली की पोटशूळ उठतो आणि काही तासांत प्राण जातो. म्हणून थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा, आणि वजनाच्या दोन-अडीच टक्के. पाचशे किलोच्या घोडीला दहा-बारा किलो कोरडा आहार, त्यातला निम्म्याहून अधिक चाराच हवा. लसूणघास उत्तम, ओटचा चारा उत्तम, मारवेल चांगलं. हत्तीगवत गाईला भरभरून घालता तसं घोड्याला रोज घालू नका. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अडकून राहतं आणि हाडं ठिसूळ होतात. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त, त्यामुळे तोही हाच त्रास वाढवतो. जुन्या मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, कोंड्याचा फार सोस असतो. त्यांच्या प्रेमाबद्दल मला आदर आहे, पण कोंडा कमी करा. गाभणपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत शिंगराची खरी वाढ होते. तेव्हा चंदी, म्हणजे दाणा, वाढवायची, आधी नाही.

विण्याची रात्र. बहुतेक घोड्या रात्रीच वितात, माणूस झोपल्यावर. काही दिवस आधी कास भरते, मग सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब साचतात. गाय वेणा देताना तासन्‌तास घेते, तुम्ही चहा करून येता, कासरा बांधून ओढता. घोडीची पाण्याची पिशवी फुटल्यापासून शिंगरू बाहेर यायला वीस-तीस मिनिटं लागतात. चाळीस मिनिटं झाली आणि शिंगरू आलं नाही तर ते बहुधा जिवंत नसतं. पिशवी पांढरी न दिसता लालभडक मखमलीसारखी दिसली तर वार आधीच सुटली आहे, शिंगराला प्राणवायू मिळत नाही. डॉक्टरची वाट बघू नका, ती पिशवी तिथेच फाडा आणि शिंगरू बाहेर घ्या. मी फोनवर असताना एका सतरा वर्षांच्या मुलाने हे केलं होतं. ते शिंगरू जगलं.

त्यानंतर एक-दोन-तीन लक्षात ठेवा. एका तासात शिंगराने उभं राहावं, दोन तासांत दूध प्यावं, तीन तासांत वार पडावी. गाईची वार बारा तास अडकली तरी तुम्ही सकाळपर्यंत थांबता. घोडीची तीन तासांपलीकडे राहिली की विष रक्तात भिनायला लागतं आणि त्यातून खुरांचा दाह होतो. अशी घोडी जगली तरी लंगडी होते. पडलेली वार पसरून बघा, तुकडा आत राहिला नाही ना.

चिकाबद्दल मी प्रत्येकाशी भांडतो. शिंगराला आईच्या पोटात रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतच नाहीत. जी मिळतात ती पहिल्या चिकातून, आणि आतडं ती पहिल्या सहा-आठ तासांत नीट शोषतं, दिवसभरानंतर जवळजवळ नाही. उमेदवारीच्या काळात एका फार्मवर घोडीच्या कासेतून व्यायच्या आधी दोन दिवस दूध गळत होतं. सगळे खूश होते, दूध भरपूर आहे म्हणून. मीही खूश होतो. चीक गळून गेला आणि शिंगराला नुसतं दूध मिळालं. तीन दिवस ते उड्या मारत होतं. चौथ्या दिवशी गुडघे सुजले, पाचव्या दिवशी ते गेलं. तेव्हापासून मी प्रत्येक फार्मवर जादा चीक असलेल्या घोडीचा थोडा चीक गोठवून ठेवायला लावतो, आणि पहिल्या चोवीस तासांत शिंगराच्या रक्तातलं आयजीजी, म्हणजे चिकातून आलेलं रोगप्रतिकारक द्रव्य, मोजतो. आठशेच्या वर असेल तर मला झोप लागते, चारशेच्या खाली असेल तर प्लाझ्मा चढवावा लागतो.

धनुर्वाताची लस घोडीला व्यायच्या महिनाभर आधी द्या, म्हणजे चिकातून शिंगरालाही संरक्षण जातं. घोडा धनुर्वाताला फार नाजूक, आणि माणसाला वाचवणारं धनुर्वाताचं प्रतिद्रव्य वर्षानुवर्षं घोड्याच्याच रक्तापासून तयार झालं. पुण्याजवळच्या पूनावाला स्टड फार्ममधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला याच कामासाठी दिले जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना सुचलं आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. आपल्या भागात स्टड फार्म होते म्हणून ते घडलं, याचा मला अभिमान वाटतो.

शिंगरू पाच-सहा महिन्यांनी आईपासून तोडतात. दीड वर्षाच्या सुमारास खोगीर-लगामाची ओळख, मग ट्रेनरकडे रवानगी. घोड्याचं हृदय विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके मारतं, भरधाव पळताना दोनशे वीसच्या वर. प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते. चौखूर धावताना एका ढांगेला एकच श्वास, तो वाढवता येत नाही. एवढं यंत्र दोन वर्षांच्या वयात तयार असतं, पण पुढच्या गुडघ्याच्या वरचं वाढीचं हाड तेव्हा नुकतंच भरत आलेलं असतं. घाई केली की नडगी दुखावते, आणि हंगाम वाया जातो. चांगला ट्रेनर मी यावरूनच ओळखतो की तो थांबू शकतो की नाही.

आता वंशाबद्दल, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. २००६ साली अमेरिकेत द ग्रीन मंकी नावाचं दोन वर्षांचं जनावर एक कोटी साठ लाख डॉलरला विकलं गेलं. तो तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. त्याउलट नॉर्दर्न डान्सर वर्षाचा असताना पंचवीस हजार डॉलरला कुणी घेतला नाही, बुटका म्हणून. त्याने १९६४ ची केंटकी डर्बी जिंकली आणि त्याचं रक्त आज जगभरातल्या थरोब्रेडांत आहे. वंशाने शक्यता वाढते, हमी मिळत नाही. २०१० पासून मायोस्टॅटिन या स्नायूंच्या वाढीशी संबंधित जनुकाची चाचणी मिळते. घोडा हजार-बाराशे मीटरचा होईल की लांब पल्ल्याचा, याचा अंदाज त्यावरून येतो. वेगवान होईल का, हे ती सांगत नाही.

नवख्या माणसाने घोड्याच्या मोठ्या नावामागे न जाता घोडीकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे. वळू तुम्हाला एका दुपारपुरता मिळतो, घोडी वर्षभर तुमच्याकडे असते. ती स्वतः किती शर्यती जिंकली, कुठल्या अंतरावर, पाय कशामुळे गेले, तिच्या आईच्या इतर शिंगरांनी काय केलं, हे विचारा. गुडघा मागे वाकलेली किंवा श्वासाला घरघरणारी घोडी घेतलीत तर तेच दोष पुढच्या पिढीत येण्याचा धोका तुम्ही विकत घेता.

शर्यतीची बाजू थोडक्यात सांगतो. आपल्याकडे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब महालक्ष्मीला हिवाळ्यात नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्यात पावसाळ्यात जुलै ते ऑक्टोबर शर्यती घेतो. महालक्ष्मीचं मैदान १८८३ चं, इंडियन डर्बी १९४३ पासून. डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, २४०० मीटर. पुण्यातली सेंट लेजर २८०० मीटर. पण बहुसंख्य घोडे आयुष्यभर हँडिकॅप शर्यती धावतात, जिथे चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमकुवतावर कमी ठेवून सगळ्यांना संधी देतात. तुमचं शिंगरू विकत घेणारा मालक याच शर्यतींतल्या बक्षिसांवर हिशोब मांडतो.

आणि बक्षिसं येतात बेटिंगमधून. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं, तरी करात सवलत नाही. बेटिंगवरचा जीएसटी २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. टोटवरची, म्हणजे क्लबच्या पैजेच्या खिडकीवरची, उलाढाल घटली की बक्षीस घटतं, मालक कमी होतात, आणि शेवटी मार बसतो तो ज्याच्या अंगणात न विकलेलं वर्षाचं शिंगरू उभं आहे त्याला. मी पैज लावत नाही, पण ज्या घोड्यांवर माझं पोट चाललं त्यांचं दाणापाणी या पैशातून येतं हे मला माहीत आहे. न विकलेल्या, न जिंकलेल्या घोड्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न मला रात्री सतावतो. काही राइडिंग स्कूलमध्ये जातात, काही वरातीत. म्हणून शिंगरू जन्माला घालायच्या आधी, ते विकलं गेलं नाही तर वीस-पंचवीस वर्षं मी त्याला सांभाळेन का, याचं उत्तर स्वतःला द्या.

तुमच्या जागी मी असतो तर पहिली दोन वर्षं सहापैकी दोन एकर लसूणघास आणि एक एकर ओट लावला असता. चांगल्या, स्वच्छ, बिनबुरशीच्या चाऱ्याला आसपासच्या स्टड फार्मांकडून कायम मागणी असते, आणि चारा पोचवायला जाता जाता तुम्हाला तिथली कामं बघायला मिळतील. जानेवारी ते मार्च विणीच्या रात्री एखाद्या फार्मवर पडेल ते काम मागून घ्या. दहा शिंगरं जन्मताना पाहिलीत की मग घोडी बघायला जा. आणि घोडी आणायचीच झाली, तर एकटी आणू नका. घोडा कळपात जगणारा प्राणी आहे. एकटी बांधलेली घोडी ठाणात डोलत राहते, लाकूड चावते, खात नाही. गाई तिला सोबत वाटतीलच असं नाही. म्हातारं तट्टू असो की गाढव, कुणीतरी चौखुरी तिच्या शेजारच्या ठाणात पहिल्या दिवसापासून हवं.